कार्डावरचा शब्द

शालनबाईंना इंग्रजी येत नव्हतं, असं म्हणणं तसं चुकीचं होतं. पार्किंग, प्लॉटिंग, एनओसी, लिफ्ट, लोन हे शब्द त्यांच्या तोंडात रुळलेले होते. मोशीत ज्यांच्या शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, त्या घरांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही एवढं इंग्रजी आपसूक आलं होतं. पण त्या दिवशी तेजस्विनीनं आणून दिलेल्या कार्डावर जो शब्द छापला होता, त्यानं मात्र शालनबाईंच्या जिभेला गाठच मारली.

तेजस्विनी समोरच्या सोसायटीत राहायची. हिंजवडीला कुठल्याशा आयटी कंपनीत कामाला होती आणि सोसायटीची सेक्रेटरीही तीच. कडेवर लेकीला घेऊन ती ओसरीत येऊन उभी राहिली.

"काकू, रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तुमचा सत्कार आहे. नाही म्हणायचं नाही."

शालनबाईंनी चष्मा चढवला. कार्ड मराठीतच होतं आणि त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, त्यामुळे वाचायची अडचण नव्हती. पण आपल्या नावाच्या वरच्या ओळीपाशी त्या थबकल्या.

"फि... फिलँ... अगं, हे काय लिवलंय?"

"फिलँथ्रॉपिस्ट ऑफ द इयर."

"माझ्या नावाच्या डोक्यावर? शिवी तर न्हाई ना दिली मला?"

तेजस्विनी खळखळून हसली. "शिवी कशी असेल काकू! तुम्ही उन्हाळाभर आम्हाला पाणी दिलंत. त्याबद्दल आहे ते."

पाण्याची गोष्ट खरी होती. एप्रिलात सोसायटीच्या बोअरवेल आटल्या. टँकरवाल्यांनी आधी भाव वाढवले, मग येणंच बंद केलं. एका दुपारी हीच तेजस्विनी, हीच लेक कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात रिकामा कॅन घेऊन शालनबाईंच्या दारात आली होती. "बाळाचं करण्यापुरतं मिळेल का?" एवढंच म्हणाली होती. शालनबाईंनी कॅन भरून दिला आणि संध्याकाळी मुलाला, शेखरला, सांगितलं की इमारतींच्या मधे आपली जी इहीर राहिलीय तिच्यावरून सोसायटीच्या टाकीपर्यंत पाइप टाक.

शेखर जमिनीचे व्यवहार करायचा, माणूस हिशेबी होता. तो म्हणाला, "आई, आज ही सोसायटी, उद्या शेजारची. सगळे रांग लावतील."

"लावू देत की. उपसल्याबिगर इहिरीला झरा फुटत न्हाई, हे काय मी तुला सांगू?"

शेखरनं कुरकुर केली, पण पाइप टाकला. वळवाचे पाऊस येईपर्यंत मोटर रोज चालली. शालनबाईंच्या लेखी विषय तिथंच संपला होता. आता हे कार्ड आलं.

"बस अशी," त्या तेजस्विनीला म्हणाल्या. "मला ह्यो शब्द शिकव. लोक मला काय म्हणत्यात ते निदान मला म्हणता तरी यायला पायजे."

तेजस्विनीनं लेकीला खाली सोडलं आणि शिकवणी सुरू झाली.

"आधी नुसतं फिल म्हणा. टाकी फिल करतो ना, तसं."

"फिल."

"लँ."

"लॅ."

"थ्रॉ."

"थ्रॉ. आन् मग पिष्ट."

"पिस्ट, काकू. पिष्ट नाही."

स्वयंपाकघरातून सून पूनम हात पुसत बाहेर आली आणि दाराला टेकून ऐकू लागली. सासूबाईंचा शब्द कधी मधेच तुटायचा, कधी शेपूट गळायचं. एकदा तर 'फिलथ्रापिठ' असं काहीतरी बाहेर पडलं आणि तिघीही पोट धरून हसल्या. बऱ्याच खटपटीनं शब्द एकदाचा पुरा झाला, तेव्हा शालनबाईंनी पदरानं कपाळाचा घाम पुसला.

"आता अर्थ सांग."

तेजस्विनीनं थोडा विचार केला. "ज्याला माणसांची माया असते आणि जो आपल्याजवळचं हात न आखडता दुसऱ्याला देतो, तो. आपण दानशूर म्हणतो ना, जवळपास तसंच. पण मायेनं दिलेलं हवं."

"आन् ज्याच्यापाशी स्वतःलाच पुरंना झालंय, त्यानं दिलं तर त्याला काय म्हणत्यात?"

"शब्द हाच. पण खरं सांगू का, पेपरात वगैरे मोठ्या पैसेवाल्यांनाच म्हणतात."

"असं व्हय," शालनबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तेजस्विनी लेकीला उचलून गेली, पूनम पोळ्या लाटायला आत गेली, तरी त्या कार्ड मांडीवर ठेवून तशाच बसून राहिल्या. शब्दाचा अर्थ कळल्याबरोबर त्यांना एक बाई आठवली होती. तिचं तोंड त्यांनी उभ्या आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त नाव.

ती गोष्ट शेखरच्या जन्माची होती. तेव्हा मोशी म्हणजे ज्वारीचं आणि कांद्याचं गाव होतं. सोपानरावांनी, म्हणजे शालनबाईंच्या मालकांनी, मळ्यात विहीर खोदायला काढली होती आणि त्या कामावर गेवराईकडची माणसं आली होती. पुरुष सुरुंग लावायचे, खोदायचे आणि बायका डोक्यावरून पाट्या वाहायच्या. अशात शालनबाई बाळंत झाल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना ताप भरला, तो इतका की त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. पोर घरीच राहिलं. गाईचं दूध त्याला पचेना. पाजलेलं सगळं उलटून टाकायचं. घरातल्यांनी त्याची आशा सोडल्यातच जमा होती.

महिना-सव्वा महिन्यानं शालनबाई घरी आल्या तेव्हा पोर गुबगुबीत झालं होतं. त्यांची सासू अंबुबाई मोजकंच बोलणारी, करड्या नजरेची बाई. त्यांना शालनबाई आत्याबाई म्हणायच्या आणि वचकून असायच्या. पोर मांडीवर देताना आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "इहिरीच्या कामावरल्या रुक्मिणीनं पाजलंय ह्याला. पाणी लागलं, ती माणसं पुढल्या गावाला गेली. आता ह्यो इषय पुन्यांदा काढायचा न्हाई."

शालनबाईंनी काढला नाही. पण मनात एक सल राहिला. त्यांना वाटलं, मालकाच्या पोरानं मजुरणीचं दूध प्यालं याची आत्याबाईंना लाज वाटते. ज्या बाईनं वंशाचा दिवा विझू दिला नाही, तिला साधं लुगडं-चोळी करून पाठवली असेल की नाही कोण जाणे, असंही त्यांना वाटे. सासू-सुनेत त्यानंतर जन्मभर एक थंडपणा राहिला, त्याला बाकीची कारणं असतील, पण एक हेही होतं.

त्या रात्री शेखर जेवायला बसला तेव्हा शालनबाई त्याच्या समोर येऊन बसल्या.

"शेखर, तू कुणाचं दूध प्यालायस, ठावं हाय का तुला?"

"तुझं. आणखी कुणाचं?"

"माझं चार दिस. पुढं न्हाई."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. शेखरचा घास हातातच राहिला. पूनम पोळी वाढायला आली होती, ती तव्याकडं परत जायचं विसरली.

"आज्जी कधी काही बोलली नाही," शेखर म्हणाला.

"बोलू नगं म्हणाल्या व्हत्या."

"अगं, मी चाळिशीचा झालो आई. आज्जीला जाऊनसुद्धा किती वर्षं झाली."

"त्या व्हत्या तवर भ्या वाटायचं. त्या गेल्यावर न बोलायची सवय लागली."

शेखर ताटावरून उठला, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीच्या घराघरांत दिवे लागले होते. शालनबाईंना धाकधूक वाटत होती. हल्ली त्याला चारचौघांत मान होता, गळ्यात चेन होती, पुढच्या निवडणुकीला उभं राहा असं लोक त्याला म्हणत होते. त्याला हे आवडेल की झोंबेल, याचा त्यांना अंदाज येईना. पण तो आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"कुठं असते ती बाई?"

"मला काय ठावं? हाय का गेली, ते बी ठावं न्हाई."

ठाऊक होतं चिमाजींना. चिमाजी म्हणजे सोपानरावांचे चुलतभाऊ. सगळी हयात त्यांनी चाकणच्या बाजारात कांदा नेण्यात घालवली होती. शेखरनं सकाळी देवळाच्या कट्ट्यावर त्यांना गाठलं, तर ते म्हणाले, "आरं, ती माणसं चाकणलाच ऱ्हायली की. कंपन्या आल्या तवा पाया खांदायच्या कामावर लागली. तिचा नवरा गेला. पोराचं वेल्डिंगचं दुकान हाय, कुरुळी फाट्याच्या पुढं. ज्योतीराम नाव त्याचं. म्हातारी दिसती मला कधीमधी, बाजारात."

"मग तुम्ही कधी सांगितलं नाही, आबा?"

"तू इचारलं कवा?"

शनिवारी माय-लेक निघाले. शालनबाईंनी एक चांगलं इरकली लुगडं घेतलं होतं, ते त्या वाटभर मांडीवर धरून बसल्या. नाशिक रस्त्याला ट्रेलरांची रांग लागली होती. गाडी इंचाइंचानं सरकत होती. शेखर एरवी अशा वेळी हॉर्न वाजवून शिव्या घालायचा. आज त्याचा हात हॉर्नकडं गेला नाही.

"काय बोलायचं गं तिच्याशी?" एकदा त्यानं विचारलं.

"मला तरी कुठं सुचतंय?"

दुकान सापडायला अवघड गेलं नाही. पत्र्याच्या शेडसमोर खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी गेटं उभी करून ठेवली होती. एक ठेंगणा, काटक माणूस डोळ्यांसमोर काच धरून ठिणग्या उडवत होता. गाडी थांबलेली पाहून त्यानं काच बाजूला केली.

"या राव. काय बनवायचंय? गेट का ग्रिल?"

"काही बनवायचं नाही," शेखर म्हणाला. "आम्ही मोशीहून आलोय. रुक्मिणीबाईंना भेटायचंय."

ज्योतीरामनं एकदा गाडीकडं, एकदा शेखरच्या कपड्यांकडं पाहिलं. जागेचं काही लफडं आहे की काय, अशी शंका त्याच्या तोंडावर सरळ दिसली. तरी त्यानं मागे वळून हाक मारली, "माय, कोणतरी आलंय बघ तुला भेटाया."

शेडच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. दारात एक म्हातारी पाय लांब करून मेथी निवडत बसली होती. शालनबाईंच्याच वयाची, पण अंगानं वाळून गेलेली. मोशीचं नाव कानावर पडल्याबरोबर तिचा हात थांबला.

"मोशीचे? इहिरीवाले?"

 शालनबाई खाली वाकल्या आणि त्यांनी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीनं चटकन पाय ओढून घेतले.

"अगं माय! मालकीणबाई, हे काय करायलाव? उठा, उठा."

"ह्यो माझा शेखर," शालनबाईंनी कसंबसं सांगितलं. "तुमी वाचवलेला."

रुक्मिणीबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि शेखरकडं मान वर करून पाहिलं. तो चांगला सहा फुटी होता. बघता बघता त्यांचं बोळकं हसायला लागलं. "एवढं मोठं झालं व्हय ते लेकरू! माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतबी पुरत नव्हतं."

शेखर त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला. ज्योतीराम दाराशी उभा होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शालनबाईंनी त्यालाही सगळं सांगितलं आणि मग लुगडं रुक्मिणीबाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "लई उशीर झाला. पण तुमी जे दिलं, त्याची परतफेड न्हाई व्हायची. स्वतःच्या पोटाला न्हाई, अंगावर तान्हं पोर, दिसभर पाट्या वाहायच्या, आन् तरी दुसऱ्याच्या पोराला..."

"म्या काय केलं त्यात?" रुक्मिणीबाईंनी त्यांना मधेच तोडलं. "लेकरू तिकडं रडायचं आन् इकडं माझा पदर भिजायचा. आपलं कोणतं, परकं कोणतं, त्या पान्ह्याला काय कळतंय? म्या काही ठरवून दिलं न्हाई. ठरवून कुणी केलं असंल तर ते तुमच्या सासूनं."

"आत्याबाईंनी?"

"अंबुबाईनं. तिचं नाव म्या कसं इसरंन!"

शालनबाईंना वाटलं, म्हातारीच्या डोक्यात काहीतरी घोटाळा झालाय. पण रुक्मिणीबाई सावकाश, जणू काल घडल्यासारखं सांगू लागल्या.

"पहिल्या दिशी ती लेकराला घेऊन इहिरीवर आली. लेकरू रडून रडून निळं झालेलं. म्या म्हणलं, द्या इकडं. तर तिनं इचारलं, तुझ्या पोरानं प्यालं का आधी? म्या म्हणलं, न्हाई अजून. तर म्हणली, आधी त्याला पाज. आपल्या नातवाला तसंच रडत खांद्यावर धरून उभी राहिली, पण माझा ज्योतीराम पिऊन झाल्याबिगर तिनं त्याला माझ्या मांडीवर दिलं न्हाई. रोज तसंच. एक दिस चुकला न्हाई तिचा."

ज्योतीराम दाराला टेकून खाली बसला.

"आन् आमचं काम टोळीचं. एक बाई बसली की तिच्या पाट्या बाकीच्यांनी वाहायच्या. बाया कुरकुरणारच की. तर अंबुबाईनं काय केलं ठावं हाय? पदर खोचला, माझी चुंबळ आपल्या डोक्यावर ठेवली आन् मुरमाची पाटी उचलली. हातात सोन्याच्या पाटल्या, डोक्यावर मुरूम. आमच्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. माझं पाजून व्हईपर्यंत ती माझ्या वाटच्या पाट्या वाहायची. मग वढ्यावर जाऊन लुगडं झटकायची, तोंड धुवायची आन् घरी जायची."

 दवाखान्यातून घरी आल्यावर आत्याबाईंची मान आखडलेली शालनबाईंनी पाहिली होती. अख्खा हिवाळा त्यांना मान वळवता येत नव्हती. कुणी विचारलं तर "वाऱ्यानं धरलीय" म्हणायच्या. शालनबाईंनी कधी तेलाचं बोट लावायचं मनात आणलं नव्हतं. त्यांना वाटायचं, ही मान ताठ्यानंच आखडलीय.

"खायला आणायची," रुक्मिणीबाई पुढं म्हणाल्या. "तुमच्या बाळंतपणाला केलेले डिंकाचे लाडू. पदराखाली लपवून आणायची आन् म्या खाईपर्यंत समोरून हलायची न्हाई. म्या ज्योतीरामाच्या बापासाठी एखादा ठेवू लागले तर वरडायची. म्हणायची, त्याला दुसरा देते, ह्यो तू खा."

"मग मला हे कुणी सांगितलं का न्हाई?" शालनबाईंचा आवाज फुटला. "मला म्हणाल्या, इषय काढायचा न्हाई. मला वाटलं त्यांना लाज वाटती. तुमची."

रुक्मिणीबाईंनी मान हलवली. "आमी निघालो तवा तिनं मलाबी तेच सांगितलं. म्हणली, हे कुठं बोलू नगंस, आमीबी बोलणार न्हाई. तुझं पोर तान्हं हाय. उद्या त्याला काही कमीजास्त झालं तर लोक तुलाच बोल लावतील, मालकाच्या पोरासाठी आपल्याला उपाशी ठेवलं म्हणतील. तुझा नवराबी एखाद्या दिशी तसं बोलून जाईल. माझ्यापाई तो बोल तुझ्या कपाळी नगं. असं म्हणली. आन् मला कवटाळून रडली बघा. एवढी कडक बाई."

 रस्त्यावरून एक ट्रेलर गेला, पत्र्याची शेड थरथरली. शालनबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. ज्या बाईच्या धाकात त्यांनी अर्धा संसार केला, जिला त्यांनी मनातल्या मनात शंभरदा कृतघ्न म्हटलं होतं, तिनं त्यांच्या पोरासाठी डोक्यावर मुरूम वाहिला होता आणि वर त्याचा बोभाटाही होऊ दिला नव्हता. आत्याबाईंच्या शेवटच्या आजारपणात शालनबाईंनी त्यांचं सगळं केलं होतं, पण कर्तव्य म्हणून. तेव्हा हे ठाऊक असतं तर तोच पाण्याचा पेला त्यांनी वेगळ्या हातानं दिला असता.

हे सगळं जड होत चाललं होतं. ते हलकं केलं ज्योतीरामनं. तो उठला, शेखरच्या शेजारी जाऊन उभा राहिला, त्याच्या खांद्याला आपलं डोकं लावून उंची मोजली आणि म्हणाला, "माय, तू म्हणतीस मला आधी पाजायचीस. मग ह्यो एवढा उंच झाला कसा? वाटणीत काहीतरी घपला झालाय भावा."

शेखर रडता रडता हसला आणि त्यानं ज्योतीरामला मिठी मारली. वेल्डिंगच्या कामाची काजळी त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागली, तर ज्योतीराम ओशाळून झटकायला लागला. शेखरनं त्याचा हात धरून ठेवला.

रविवारच्या सत्काराला रुक्मिणीबाई यायला तयार नव्हत्या. "मला काय करायचंय मोठ्या लोकांत? पण इहीर बघायला येते. माझ्या मालकानं जीव लावून खांदली व्हती. पाणी लागल्यावर एक डाव बघितली, मग बघायला घावलीच न्हाई." त्या निमित्तानं त्या आल्या. विहिरीच्या कठड्याला धरून बराच वेळ आत वाकून बघत राहिल्या. भोवती सगळ्या इमारती, त्यांना दिशाही ओळखू येईनात. पण आतला काळा खडक त्यांनी ओळखला. "हितं लई दिस गेले," बोट दाखवून म्हणाल्या. "सुरुंगालाबी दाद देत नव्हता."

तिथून शालनबाईंनी त्यांना हाताला धरून थेट हॉलमध्ये नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. हॉल भरला होता. सोसायटीच्या चेअरमननी भाषण केलं, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. मग माइक शालनबाईंच्या हातात आला. समोर एवढी शिकलेली माणसं बघून त्या बावरल्या. पण पहिल्या रांगेत तेजस्विनी लेकीला मांडीवर घेऊन बसली होती, ती मानेनं 'बोला, बोला' करत होती.

"मला ह्या पोरीनं एक शब्द शिकवला," त्या म्हणाल्या. "फिलँ... फिलँथ्रॉपिस्ट. चुकलं असंल तर सांभाळून घ्या. ह्याचा अर्थ तिनं सांगितला, मायेनं देणारा माणूस. मी तुमाला पाणी दिलं, पण माझ्यापाशी पाणी व्हतं म्हणून दिलं. माझं काय कमी झालं न्हाई. माझी सासू अंबुबाई, आन् ह्या हितं बसल्यात त्या रुक्मिणीबाई, ह्या दोघींनी स्वतःचं कमी करून दिलं. माझं पोर त्यांच्यामुळं हाय. आन् तुमी जे पाणी उन्हाळाभर प्यालात, त्या इहिरीची माती ह्या दोघींनी डोक्यावरनं वाहिलीय. तवा ह्यो शब्द लिवायचा असंल तर त्यांच्या नावावर लिवा. मी नुसती मोटर चालू केली."

 मग तेजस्विनीनं लेक तशीच काखेला मारली आणि उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. तिच्यामागोमाग सगळेच उठले. शालनबाईंनी खाली येऊन आपल्या अंगावरची शाल रुक्मिणीबाईंच्या खांद्यावर घातली, तर त्यांनी ती झटक्यात काढून मांडीवर ठेवली. "एवढ्या उकाड्यात शाल कशाला गं? घाम निथळायलाय."

तेजस्विनीनं दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या कार्यालयाबाहेर नवा फलक लावून घ्यायचं ठरवलं आणि त्यावर दोन्ही नावं नीट यावीत म्हणून पूनमकडून लिहून नेली. शेखरनं ज्योतीरामला दोन-तीन ठिकाणी गेटांची कामं मिळवून दिली. ज्योतीरामनं ती घेतली, पण भाव मात्र चोख लावला. "नातं आपल्या जागी आन् लोखंड आपल्या जागी," तो म्हणाला. शेखरला ते आवडलं.

रुक्मिणीबाईंना शालनबाईंनी चार दिवस ठेवून घेतलं. जन्मभर पाट्या वाहून त्यांचे गुडघे गेले होते. जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीला कण्हायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी शालनबाईंनी वाटीत तेल गरम केलं, ओवा टाकला आणि त्यांच्या पायाशी येऊन बसल्या.

"राहू द्या, मालकीणबाई. तुमी कशाला?"

"मला शालन म्हणायचं. पाय सरळ करा."

"सूनबाईला सांगा की."

"सून हापिसात गेलीया. आन् ती असती तरी मीच चोळलं असतं. एका बाईची मान चोळायची ऱ्हाऊन गेली माझ्याकडनं."

रुक्मिणीबाईंनी यावर वाद घातला नाही. त्यांनी उशीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि डोळे मिटले. गुडघ्यावर गरम तेल पडलं तशा त्या हुश्श करून म्हणाल्या, "जरा दाबून चोळ गं, शालन. हाडाला लागलं पाहिजे."

"दाबते," शालनबाई म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी चोळायला लागल्या.